‘गहाळ’ दाखल्यामागची दीडशे वर्षं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी भलत्याचंच उत्तर देतोय असं नको व्हायला. बसमध्ये तुमचा मोबाइल मारला गेला. ठाण्यात गेलात, तर अंमलदाराने चोरीचा गुन्हा न नोंदवता मोबाइल ‘गहाळ’ झाल्याचा दाखला हातात ठेवला. घरी आजोबा म्हणाले, आमच्या वेळी पाच-सहा गावांत मिळून एक हवालदार फिरायचा, तरी दाराला कुलूप लागत नव्हतं. म्हणून तुम्ही विचारताय की पोलीस नक्की कुणासाठी असतात, आणि हे खातं हळूहळू बिघडलं की मुळातच असं होतं.

मी उपनिरीक्षक म्हणून खात्यात आलो, ग्रामीण ठाणी, शहर, गुन्हे शाखा असं फिरत निरीक्षक म्हणून निवृत्त झालो आणि आता भरती झालेल्या मुलांना कायदा शिकवतो. तेव्हा हा खात्यातलाच माणूस बोलतोय हे धरून वाचा. ‘पोलीस कुणासाठी’ या प्रश्नाला सरळ उत्तर मिळत नाही, कारण कागदावर तो कायम जनतेसाठीच असतो. त्याऐवजी ‘पोलीस जाब कुणाला देतो’ असं विचारून बघा. मग तुमचा दाखला आणि आजोबांचं गाव, दोन्हींचा उलगडा होतो.

आधी दाखला. अंमलदार आळशी असेल, उद्धट असेल, मला माहीत नाही. पण आळस नसतानाही हे घडतं. दर महिन्याला अधीक्षकांकडे, शहरात उपायुक्तांकडे, क्राइम मीटिंग असते. प्रत्येक ठाण्याचा तक्ता समोर असतो: घरफोडी, जबरी चोरी, मोटारसायकल चोरी, इतर चोरी. दाखल किती, उघड किती, गेल्या वर्षी याच महिन्यात किती. दाखल वाढले आणि उघडकीचं प्रमाण घसरलं की प्रभारी अधिकाऱ्याला भर बैठकीत उभं केलं जातं. बसमधल्या मोबाइल चोरीला साक्षीदार नसतो, बस दोन-तीन ठाण्यांच्या हद्दीतून गेलेली असते, आणि नक्की कुठल्या थांब्यावर खिसा हलका झाला हे तुम्हालाही सांगता येत नाही. म्हणजे हा गुन्हा ‘दाखल’च्या रकान्यात हमखास जाणार आणि ‘उघड’च्या रकान्यात बहुधा येणार नाही. ‘गहाळ’ लिहिलं की तो तक्त्यात कुठेच दिसत नाही. अंमलदाराने तुमच्याशी बोलता बोलता हाच हिशेब केला.

हा हिशेब कायद्याला धरून नव्हता. दखलपात्र, म्हणजे ज्याचा तपास पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय करू शकतात अशा गुन्ह्याची खबर मिळाली की एफआयआर नोंदवावाच लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, खबर घ्यावी लागते आणि फिर्यादीला एफआयआरची प्रत विनामूल्य द्यावी लागते. घेतली नाही, तर तीच खबर लेखी, पोस्टाने अधीक्षकांकडे पाठवता येते, आणि तिथेही काही हाललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. एक फाटा आहे: मोबाइल पाच हजारांच्या आतला असेल तर गुन्हे आणि शिक्षा ठरवणाऱ्या नव्या भारतीय न्याय संहितेत तेवढ्या किमतीच्या पहिल्या चोरीची वाट वेगळी, अदखलपात्राची आहे. त्याहून महाग असेल तर अर्ज स्वतःच्या हाताने लिहा, त्यात ‘चोरीला गेला’ हे शब्द ठेवा, बिल आणि आयएमईआय क्रमांक जोडा, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय उठू नका.

आता मोठा प्रश्न. अंमलदाराची नजर तुमच्याकडे नव्हती, वरच्या बैठकीकडे होती. ही सवय त्याला कुणी लावली?

आजोबा सांगतात ती व्यवस्था खोटी नव्हती, तिचं मूळ मात्र त्यांच्याही खूप आधीचं. पेशवाईतल्या आणि त्याआधीच्या दख्खनच्या गावात चोरीचा जाब गावालाच द्यावा लागे. पाटील प्रमुख, त्याच्या हाताखाली रामोशी किंवा महार जागल्या. चोरी झाली की जागल्या पायांचे ठसे बघत माग काढायचा. माग शेजारच्या गावाच्या शिवेत शिरला की जबाबदारी त्या गावावर. माग तुटला आणि चोर सापडला नाही, तर ज्याच्या राखणीत चोरी झाली त्याने, नाहीतर गावाने भरपाई द्यायची. इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखाविषयी १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला त्यात या पद्धतीचं वर्णन आहे. आजच्या कुठल्याही पोलीस अधिकाऱ्याला घाम फुटेल अशी ही अट आहे. गुन्हा उघड झाला नाही तर नुकसान तू भर! आपल्याकडे तसा नियम असता तर ‘गहाळ’ हा शब्दच ठाण्यात ऐकू आला नसता.

पण या चित्रातला दुसरा अर्धा आजोबा सांगणार नाहीत. राखण करणाऱ्याला ते काम जन्माने मिळायचं, नाकारायची सोय नव्हती, आणि मोबदल्यात मिळणारं बलुतं गावाच्या मर्जीवर. महार वतनाची ही गुलामी मोडावी म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात विधेयक आणलं होतं. शिवाय पाटील कुणाची चोरी चोरी मानतो आणि कुणाची नाही, हे घरावर ठरायचं. कुलूप कुणाच्या दाराला नव्हतं, हेही विचारायला हवं. ज्याच्या घरात नेण्यासारखं काही नाही त्याला कुलूप कशाला?

शहरात कोतवाल होता. चोर पकडण्याबरोबरच बाजारातली वजनं-मापं, बाहेरून आलेल्या माणसांवर लक्ष, अशी नाना कामं त्याच्याकडे. १७९१ मध्ये पुण्यात घाशीराम कोतवालाच्या कोठडीत कोंडलेले लोक गुदमरून मेले, शहर खवळलं आणि जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारलं. कोठडीतला मृत्यू आणि त्यानंतर रस्त्यावर उतरलेला जमाव, हे इंग्रजांच्याही आधीपासून आपल्या ओळखीचं आहे. तेव्हा ‘इंग्रजांनी सगळं बिघडवलं’ असं म्हणून मोकळं होता येत नाही.

इंग्रजांनी केलं ते वेगळं. त्यांच्यासमोर दोन नमुने होते. एक लंडनचा, रॉबर्ट पील यांनी १८२९ मध्ये उभा केलेला: बिनहत्यारी शिपाई, लष्कराचा लाल रंग टाळून दिलेला निळा गणवेश, लोकांच्या संमतीवर भर. दुसरा आयर्लंडचा: हत्यारबंद, बराकीत राहणारा, आपल्या मूळ भागापासून लांब नेमलेला, कारण त्याचं काम जिंकलेला मुलूख ताब्यात ठेवणं. इंग्रज सेनापती चार्ल्स नेपियरने १८४३ मध्ये सिंध घेतल्यावर तिथे आयर्लंडचा नमुना राबवला, दहाएक वर्षांत मुंबई इलाख्याने तो उचलला, आणि १८५७ नंतर १८६१ च्या पोलीस कायद्याने तो देशभर गेला. पोलीस लाइन, परेड, सतत बदल्या, शिपायाने डोकं न चालवता हुकूम पाळायचा, हे सगळं त्या घराण्याचं. इथे जाब देण्याची दिशा फिरली. रामोशी गावाला जाब देत होता, शिपाई जिल्ह्याच्या साहेबाला देऊ लागला.

याच वर्षातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते आणि वर्गात मी तिच्यावर बराच वेळ घालवतो. १८६१ मध्येच फौजदारी प्रक्रियेचा पहिला कायदा आला, आणि त्यात म्हटलं होतं की पोलिसासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात ते कलम २५ झालं. आजच्या साक्ष्य अधिनियमात ते कलम २३ आहे. म्हणजे ज्या सरकारने पोलिसाच्या हातात दंडुका दिला, त्याच सरकारने त्याच वर्षी लिहून ठेवलं की हा माणूस आरोपीच्या तोंडचं म्हणून जे सांगेल ते धरू नका. राखणदाराला घराच्या सगळ्या किल्ल्या द्यायच्या आणि तिजोरीला त्याच्यापासून लपवून वेगळं कुलूप लावायचं, तसा हा प्रकार.

ठाण्यात याचे परिणाम रोज दिसतात. साक्षीदाराचा जबाब लिहून झाला की तो पेन मागतो, आणि आम्ही सांगतो, सही नको. कायद्याने पोलिसासमोरच्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायला मनाई आहे. लोकांना वाटतं पोलीस काहीतरी लपवतोय. झडती घ्यायची तर दोन पंच पाहिजेत, कारण नुसत्या पोलिसाच्या शब्दाला वजन नाही. मग हवालदार चहाच्या टपरीवरून पंच शोधत फिरतो, आणि कोर्टाच्या तारखांच्या भीतीने जो तो पाठ फिरवतो. आणि सगळ्यात वाईट फट पुढे आहे: कबुली चालत नाही, पण आरोपीने सांगितलेल्या ठिकाणाहून जी वस्तू निघाली ती, आणि तिच्यापुरतं त्याचं सांगणं, चालतं. ‘चाकू मी काढून देतो’ हे वाक्य मिळवण्यासाठी कोठडीत काय काय होतं, त्याचं मूळ बरंचसं या फटीत आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं केलंय. माझ्या मते गेल्या कित्येक वर्षांतला हा सर्वांत उपयोगी बदल आहे, कारण त्याने प्रामाणिक तपासी अंमलदाराचंही संरक्षण होतं.

रामोशांचं काय झालं, तेही सांगायला हवं. राखणीची हक्काची कामं आणि वतनं गेली, त्यातून उमाजी नाईकांचं बंड उभं राहिलं, आणि १८३२ मध्ये पुण्यात त्यांना फाशी झाली. पुढे १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला आणि नंतर मुंबई इलाख्यातही लागू झाला. पारधी, कैकाडी, भामटे अशा जमातींच्या माणसांना जन्मतःच संशयित ठरवून ठाण्याची हजेरी लावली, सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत वसवली. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, रामोशी आज विमुक्त जातींच्या यादीत आहेत. एके काळी ज्याच्यावर गाव झोपायचं, त्याचं नाव संशयितांच्या बाजूला गेलं. घरफोडी झाली की पहिली गाडी पारध्यांच्या पालावर नेणारे अधिकारी मी पाहिलेत. त्यांना हा इतिहास कुणी शिकवलेला नव्हता; सवय मात्र पुरती मुरलेली होती.

इथपर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर: गावचा जागल्या गावाला बांधलेला होता आणि त्याला निवड नव्हती, इंग्रजांचा शिपाई गावापासून तोडून साहेबाला बांधला, आणि त्याच्यावर साहेबाचाही विश्वास नव्हता. म्हणून ‘बिघडलं का’ या प्रश्नावर माझं उत्तर असं की बिघडायला आधी सरळ असावं लागतं. १९०२-०३ च्या फ्रेझर आयोगानेच पोलीस खातं अकार्यक्षम असून लोक त्याला भ्रष्ट आणि जुलमी समजतात, असा निष्कर्ष काढला होता. हे इंग्रजांनी स्वतःच्या खात्याबद्दल लिहिलेलं आहे.

स्वातंत्र्यानंतर टोप्या बदलल्या, रचना फारशी बदलली नाही. आपल्याकडे १८६१ चा नव्हे, तर १९५१ चा मुंबई पोलीस कायदा लागू आहे, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात. त्याचं कलम ४ पोलीस दलावरची देखरेख राज्य शासनाकडे देतं. त्याच कायद्याचं कलम ६६ वाचा, चकित व्हाल: रस्त्यात सापडलेल्या असहाय माणसाला मदत करणं, स्त्रिया आणि मुलांशी सौम्यपणे वागणं, झडती घेताना विनाकारण उद्धटपणा टाळणं, ही पोलिसाची कर्तव्यं म्हणून त्यात लिहिलेली आहेत. पण कलम ४ ला धार होती आणि कलम ६६ ला नव्हती. १९५५-५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चांवर गोळ्या झाडणारे पोलीस स्वतंत्र भारताचे होते, आणि फ्लोरा फाउंटनपाशी पडलेली माणसंही आपलीच. हुतात्मा चौकात बंदोबस्ताला उभं राहिलेल्या प्रत्येक मराठी शिपायाच्या मनात ते कधी ना कधी येऊन जातं.

शिपायाच्या बाजूनेही बघा. १९८२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या पोलिसांनी स्वतःच संप केला. लष्कर बोलवावं लागलं, पुष्कळ जण बडतर्फ झाले, संघटना गेली. तेव्हापासून शिपायांना संघटना करून आपलं गाऱ्हाणं मांडायला जागा नाही. सणासुदीला सलग बारा-चौदा तास उभा राहिलेला माणूस तुमचं गाऱ्हाणं किती शांतपणे ऐकेल? २०१६ मध्ये मुंबईत देवनार ठाण्यात आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग झाला, तो एका शिपायाच्याच कल्पनेतून. माझ्या दृष्टीने ती मोठी सुधारणा होती. सगळीकडे ती टिकलेली नाही, आणि मनुष्यबळ अपुरं असेल तिथे टिकणार तरी कशी?

कामाचं स्वरूप मात्र खरंच पालटलं, आणि ते खात्याने स्वतःहून केलं नाही, लोकांनी करायला लावलं. १९७२ मध्ये आपल्याच देसाईगंज ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. सर्वोच्च न्यायालयात आरोपी सुटले, त्यावर देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. त्याच वर्षी सासरी होणाऱ्या छळाविरुद्धचं कलम ४९८-अ आलं. मी नोकरीला लागलो तेव्हा नवऱ्याने मारल्याची तक्रार घेऊन आलेल्या बाईला जुने हवालदार ‘घरात मिटवा’ म्हणून परत पाठवत. आज ठाण्यात महिला अंमलदार असते, समुपदेशन असतं, आणि ‘घरात मिटवा’ म्हटल्याचं रेकॉर्डिंग झालं तर चौकशी लागते. अटकेच्या वेळी नातेवाइकाला कळवणं, अटक पंचनामा करणं, हे १९९६ च्या डी. के. बसू निकालाने अंगवळणी पाडलं. आणि सायबर फसवणुकीत तर गणवेशाचा दरारा काहीच कामाचा नाही. पैसे गेल्याबरोबर १९३० या हेल्पलाइन क्रमांकावर फोन आला आणि बँकेत रक्कम गोठली, तरच काही हाती लागतं.

तुमचे आजोबा ज्याला दरारा म्हणतात तो या सगळ्यात कमी झाला, हे खरंय. मला त्याचं दुःख नाही. दरारा होता तेव्हा गुन्हे कमी होते की ठाण्याची पायरी चढणारे कमी होते, हे कुणी मोजलेलं नाही.

जाब द्यायची दिशा फिरवता येते का? एक उदाहरण मला पटतं. भिवंडीत १९७० आणि १९८४ ला भीषण दंगली झाल्या. नंतर तिथे पोलीस उपायुक्त असताना सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या: नेहमीच्या पुढाऱ्यांपेक्षा दोन्ही धर्मांतली साधी माणसं, आणि त्यांच्यासोबत बसणारा त्या त्या भागाचा पोलीस. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. एकट्या समित्यांमुळेच असं मी म्हणणार नाही, यंत्रमागाच्या गावात धंद्याचंही गणित असतं. पण त्या बैठकांत पोलीस आपल्या भागातल्या लोकांसमोर बसून उत्तरं देत होता. आज बऱ्याच ठाण्यांच्या शांतता समितीत सणाच्या आधी सत्कार आणि चहा होतो. ती वेगळी गोष्ट.

कायद्याच्या बाजूने प्रयत्न झाला तो २००६ चा. प्रकाश सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सात निर्देश दिले. त्यात प्रभारी अधिकाऱ्याला किमान दोन वर्षांचा कार्यकाळ, बदल्यांसाठी खात्याचंच मंडळ आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण होतं. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून हे आणलं; त्याच दुरुस्तीत ‘लोकहितार्थ’ मुदतीआधी बदली करायची वाटही ठेवली. कोठडीतली मारहाण, बेकायदा अटक, खंडणी अशा गंभीर तक्रारी राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे नेता येतात. तुमच्या दाखल्यासाठी तिथे जाऊ नका, ते काम अधीक्षकांच्या पातळीवरचं आहे.

शेवटी पुष्कळ काही त्या ठाण्यावर आणि तिथल्या निरीक्षकावर अवलंबून राहतं, हे मान्य करतो. गावात चांगला पोलीस पाटील असेल तर अर्धे तंटे ठाण्यापर्यंत येतच नाहीत. पोलीस पाटील एखाद्या गटाचा असेल तर तोच तंटा असतो. शहरात बीटचा अंमलदार वर्षभर तोच राहिला तर त्याला रिक्षास्टँडवरची पोरं नावाने माहीत होतात. तुमच्या ठाण्याचा अंदाज घ्यायचा असेल तर निरीक्षकांच्या केबिनमध्ये भिंतीवर एक फलक असतो, त्यावर आजवरच्या प्रभारी अधिकाऱ्यांची नावं आणि त्यांच्या तारखा, पासून-पर्यंत, रंगवलेल्या असतात. अर्ज घेऊन जाल तेव्हा तो वाचा. वर्षाला दोन-दोन नावं दिसली, तर समोरचा अधिकारी तुमच्यापेक्षा आपल्या पुढच्या बदलीच्या विचारात आहे असं समजा, आणि अर्जाची एक प्रत त्याच दिवशी अधीक्षकांच्या नावे स्पीड पोस्टाने टाका.